रेडिओच बरा

कल्याणजवळच्या मोहन्यात कुणालाही विचारा, "माठवाले गांगुर्डे कुठं राहतात?" शाळेतलं पोरसुद्धा घर दाखवील. सीताराम गांगुर्डे माठ विकत नाहीत. सत्त्याहत्तर साली त्यांनी घरातल्या पाण्याच्या माठाच्या तोंडावर आठ इंची स्पीकर उपडा बसवला आणि त्यातून रेडिओ ऐकायला सुरुवात केली, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. नुसत्या रेडिओतून गाणाऱ्याचा आवाज नाकातून आल्यासारखा येतो, माठातून आला की त्याला पोट असतं, असं त्यांचं म्हणणं. जाईबाई, म्हणजे त्यांची बायको, त्या उन्हाळ्यात पिंपातलं कोमट पाणी प्यायल्या आणि चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी नवा माठ आला, पण पाण्यासाठी. जुना गाण्याकडेच राहिला.

सकाळी शास्त्रीय संगीत लागलं की घरातली ट्यूबलाइट बंद, कारण तिच्या चोकची घरघर रेडिओत उतरते. मिक्सर बंद. शेजारणीच्या शिलाई मशीनच्या मोटरला हात जोडून विनंती. गच्चीवरून समोरच्या पिंपळापर्यंत तांब्याची तार ताणलेली, तिच्यावर कुणी कपडे वाळत घातले तर सीताराम रागाने लाल व्हायचे. एरवी हा माणूस इतका मऊ की भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही लाजायचा. सगळा आटापिटा एका स्वच्छ सुरासाठी होता, आणि त्यातही एका बाईंच्या सुरासाठी जास्त. मीराबाई शिरोडकर गाणार असल्या की सीताराम आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून माठासमोर बसायचे. जाईबाई म्हणायच्या, "सवत दिसत तरी नाही, तेवढंच बरं."

गाणं त्यांच्याकडे आलं ते चुलत्याकडून. चुलते नाशिककडच्या एका गायन पार्टीत पेटी वाजवायचे, चौदा एप्रिलच्या जयंतीला गावोगाव कार्यक्रम करायचे, आणि पेटीचा सूर हललेला असला तर जेवायचे नाहीत. तोच कान पुतण्याला मिळाला. मोहन्याच्या रेयॉन कंपनीत सीताराम इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून लागले. एकदा दुपारच्या सुट्टीत नळावर डबा धुताना ते बिलासखानी तोडीची बंदिश गुणगुणत होते, आणि मागून कुणीतरी विचारलं, "हे तुला कुठून येतं रे?"

विचारणारे होते टाइम ऑफिसातले गुरुदत्त साखळकर. डोंबिवलीचे. कंपनीतल्या प्रत्येकाची हजेरी, पाळी, रजा आणि सुट्टी या गृहस्थांच्या रजिस्टरात. वयाने सहा-सात वर्षांनी मोठे, पांढरा स्वच्छ सदरा, आणि गाण्याचा भारी शौक. कुठंही मैफल असो, साखळकर तिथे हजर. त्या दिवसापासून दर सोमवारी दुपारी कँटीनच्या मागच्या बाकावर या दोघांची जोडी जमू लागली. साखळकर आदल्या दिवशीच्या बैठकीचं वर्णन करायचे, सीताराम जिवाचे कान करून ऐकायचे. मग सीताराम आठवडाभरात रेडिओवर काय ऐकलं ते सांगायचे, आणि साखळकरांना त्यांच्या तोंडून अशा जागा ऐकायला मिळायच्या ज्या त्यांच्या स्वतःच्या कानातून निसटलेल्या असत. बावीस वर्षं हे चाललं. साखळकर 'अरे सीताराम' म्हणायचे, सीताराम 'साहेब' म्हणायचे, आणि या फरकात काही आहे असं निदान एका माणसाला तरी कधी वाटलं नाही.

एकदा, अगदी सुरुवातीला, सीतारामनी विचारलं होतं, "साहेब, मला पण न्या ना एकदा बैठकीला."

साखळकरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला होता. "तुला खरं सांगू? तू त्या फंदात पडू नकोस. बैठकीत पुढे सगळे मानाचे लोक बसतात, मागे बसलं की नुसती टाळकी दिसतात. पंखा गरगरत असतो, कुणी खोकतं, कुणाचं मूल रडतं. स्टुडिओत टाचणी पडली तरी ऐकू येते. तू ज्या निगुतीनं ऐकतोस ना, ते आम्हाला समोर बसूनसुद्धा मिळत नाही. कान तयार करायचा तर रेडिओच बरा."

झालं. साहेब स्वतः बैठकीला जाणारे, ते म्हणतात म्हणजे खरंच असणार. सीतारामनी ते वाक्य देवघरात ठेवावं तसं जपलं आणि जन्मभर लोकांना ऐकवलं. कल्याणात पहाटेचा फुकट कार्यक्रम असला तरी ते जायचे नाहीत. मुलगी वैशाली शिकून नोकरीला लागली, कळव्याला राहायला गेली, तिने पहिल्या पगारातून ठाण्याच्या एका संगीत महोत्सवाची दोन तिकिटं आणली, तर बाप म्हणाला, "तिथं भोंगे लावून गातात, पोरी. त्यापेक्षा रेडिओच बरा." वैशाली तिकिटं मैत्रिणीला देऊन आली आणि नंतर कधी विचारायच्या भानगडीत पडली नाही.

नव्याण्णवमध्ये खुद्द मीराबाई ठाण्याला आल्या. पेपरात जाहिरात होती. त्या वेळी मात्र सीतारामचा निश्चय डळमळला. कात्रण खिशात घेऊन ते साखळकरांकडे गेले. साखळकर बराच वेळ ते कात्रण बघत राहिले आणि म्हणाले, "आता बाईंचा आवाज राहिला नाही रे. ऐकशील तर मन मोडेल तुझं. तुझ्या कानातली मीराबाई तशीच राहू दे." सीताराम गेले नाहीत. चार वर्षांनी बाई वारल्या. रेडिओवर बातमी ऐकली त्या सकाळी सीतारामनी दाढी केली नाही की डबा नेला नाही.

बाईंची एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे होती. साखळकरांच्या मेव्हण्याने आखातातून एक जपानी टेपरेकॉर्डर आणला होता, आणि त्याची सगळी देखभाल सीतारामकडे असायची. हेड साफ करणं, त्याचा कोन जुळवणं, पट्टे बदलणं. साखळकर मशीन पिशवीत घालून मोहन्याला घेऊन यायचे, जाईबाईंच्या हातचा चहा प्यायचे, कधी पोहेही खायचे. दुरुस्त झालं की सीताराम ते डोंबिवलीला पोचवायचे, पण साखळकर गेटवरच येऊन घ्यायचे. वर आई आजारी असते, सगळा पसारा आहे, असं काहीतरी असायचं. जाईबाईंनी एकदा विचारलंच, "इतकी दोस्ती, आणि एकदा तरी घरात ये म्हणाला का तो?" सीताराम उखडले. "तुझ्या डोक्यात नाही ते येतं. आपल्याकडे चहा पितात ना? साहेबांच्यात तसलं काही नाही." जाईबाई कणीक मळत राहिल्या.

अठ्ठ्याऐंशी साली साखळकरांनी त्यांना एक कॅसेट दिली. वर मोत्यासारख्या अक्षरात 'मीराबाई, बिलासखानी तोडी, रेडिओवरून' असं लिहिलेलं. इतका जिवंत आवाज सीतारामनी कधी ऐकला नव्हता. तंबोऱ्याची तार न् तार वेगळी, बाईंनी घेतलेला श्वाससुद्धा कळायचा. दोष एकच. विलंबितात अकराव्या मिनिटाला एक बारीक कुरकुर सुरू व्हायची, कुईं... कुईं..., आणि दोन-तीन मिनिटांनी थांबायची. सीताराम शरमेने अर्धे झाले. मशीन त्यांनीच दुरुस्त केलं होतं, म्हणजे पट्टा नाहीतर पुली आपल्याच हातून नीट बसली नाही. एकच कोडं होतं. पट्ट्याचा दोष असता तर तो ठरावीक अंतराने आला असता, हा तर मनाला येईल तेव्हा यायचा, कधी भरभर, कधी सावकाश. तरी त्यांनी साहेबांची माफी मागितली. "माझ्यामुळे टेप खराब झाली, साहेब." साखळकर म्हणाले, "असू दे रे. गाणं महत्त्वाचं." त्यानंतर सीतारामनी दर खेपेला त्या मशीनचा पट्टा कारण नसताना बदलून दिला.

कंपनी बंद पडली, साखळकर आधीच निवृत्त झाले होते, आणि सोमवारचा बाक सुटला तरी फोन चालू राहिला. मग साखळकरांना ऐकू येईना, तेव्हा फोनही कमी झाला. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस त्यांच्या मुलीचा, ऋजुताचा फोन आला. ती ठाण्याला राहते.

"काका, आमची बिल्डिंग पाडतायत, रीडेव्हलपमेंट. बाबांना मी माझ्याकडे नेतेय. पण त्यांच्या दोनशे कॅसेट आहेत, त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, आणि मशीनच चालत नाहीये. बाबा म्हणतात, गांगुर्डेशिवाय कुणी ते उघडायचं नाही. तुम्ही याल का घरी?"

घरी. सीतारामनी फोन ठेवून जाईबाईंकडे बघितलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

वयाच्या बहात्तराव्या वर्षी सीताराम साखळकरांच्या घराची पायरी चढले. पहिला मजला, मोठा दिवाणखाना, अर्धं सामान खोक्यांत गेलेलं. खिडकीपाशी आरामखुर्चीत साखळकर बसले होते, एका कानात यंत्र. दोघेही हसले. डोळ्यांत पाणी आलं, नाही म्हणायचं कारण नाही. ऋजुताने मशीन टेबलावर आणून ठेवलं. सीतारामनी झाकण काढलं. पट्टा वितळून पुलीवर डांबरासारखा चिकटला होता, याची त्यांना कल्पना होतीच. त्यांनी पिशवीतून स्पिरिट, कापूस आणि नवा पट्टा काढला, आणि ऋजुताला म्हणाले, "मोबाइलचा उजेड धर जरा."

ऋजुता उजेड धरायला जवळच्या झोपाळ्यावर टेकली. जुना सागवानी झोपाळा, पितळी कड्यांचा. तिचा पाय जमिनीला लागला आणि झोपाळा हलला.

कुईं.

सीतारामचा हात थांबला.

कुईं... कुईं... ऋजुता सहज झोके घेत होती. सीतारामना मान वर करून बघायची गरज नव्हती. हा आवाज त्यांना स्वतःच्या खोकल्याइतका ओळखीचा होता. छत्तीस वर्षं ते या आवाजासाठी स्वतःला दोष देत होते.

"इथं..." त्यांनी कापूस खाली ठेवला. "मीराबाई इथं गायलेल्या?"

"हो काका! या खिडकीखालीच. मी सात वर्षांची होते. माइक नाही, काही नाही, आजी इथे झोपाळ्यावर आणि बाई तिथे, एवढ्याशा अंतरावर. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक असायची, तुम्हाला माहितीच आहे. तुम्ही कुठे बसायचात? मला आठवत नाहीये बघा..." बोलता बोलता तिने सीतारामच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि झोपाळा पायाने थांबवला. "तुम्ही यायचात ना?"

सीताराम साखळकरांच्या खुर्चीपाशी गेले. मोठ्याने बोलावं लागलं. या माणसाशी ते कधी मोठ्याने बोलले नव्हते. "साहेब, बैठका तुमच्या घरी व्हायच्या?"

साखळकरांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग उघड्या मशीनकडे. नाटक करण्यात अर्थ नव्हता, एवढं त्यांनाही कळलं असावं.

"आई होती रे तेव्हा," ते म्हणाले. "जुन्या वळणाची. गाणं झालं की सगळ्यांची इथेच पंगत बसायची. ती काही बोलली असती, तुझा अपमान झाला असता, तर मला ते सहन झालं नसतं. तुझ्यासाठीच..."

"आई एक्क्याण्णवला गेल्या, साहेब. मी आलेलो. खाली गेटपासून खांदा दिलेला मी."

साखळकरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मग बंद झाल्या का बैठका?"

"दोन हजार आठपर्यंत चालू होत्या," ऋजुताच उत्तरली, अगदी हळू.

"मीराबाई?"

"आणखी दोनदा आल्या होत्या."

साखळकरांच्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. ते पांघरलेली शाल सारखी करत राहिले. "मग तसंच राहून गेलं रे. एकदा जे सांगून बसलो, ते परत कसं फिरवणार? आणि तू इतका खूष होतास तुझ्या रेडिओवर."

एवढं बोलून ते थांबले, आणि त्यांना वाटलं असावं की हे समाधानकारक आहे.

सीताराम टेबलापाशी परत येऊन बसले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. एका फटक्यात नाही, दर सोमवारी थोडं थोडं, चहाबरोबर. पंखा गरगरतो, मूल रडतं, मागे बसलं की टाळकी दिसतात! बसलेली माणसं होती इथे, पंगतीला जेवून गेलेली, आणि हा मेकॅनिक तिकडे ट्यूबलाइट विझवून माठाला कान लावून धन्य होत होता. नव्याण्णवचं कात्रणही आता उलगडलं. ठाण्याच्या मैफलीत बाईंनी साखळकरांना पाहिलं असतं, चारचौघांत घरच्यासारखं विचारलं असतं, आणि सगळं बिंग फुटलं असतं. म्हणून आवाज राहिला नव्हता बाईंचा. सीतारामना सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचा. वैशालीच्या पहिल्या पगाराची तिकिटं त्यांनी त्या खोट्या वाक्यापायी नाकारली होती.

"काका, राहू दे ते मशीन," ऋजुता म्हणाली.  "मी दुसरीकडून करून घेते."

"उघडलंय, तर पुरं करतो," सीताराम म्हणाले. अर्धं उघडं यंत्र सोडून जाणं त्यांना जमलं नसतं. त्यांनी पुली पुसली, नवा पट्टा चढवला, हेड साफ केलं.  मग ते म्हणाले, "लाव एखादी. बघू."

ऋजुताने खोक्यातली हाताला आली ती नाही, शोधून एक काढली. मूळ कॅसेट. वर त्याच मोत्यासारख्या अक्षरात मीराबाईंचं नाव, राग आणि रविवारची तारीख. 'रेडिओवरून' हा शब्द नव्हता.

सीतारामकडची प्रत तंबोऱ्यापासून सुरू व्हायची. ही सुरू झाली ती माणसांच्या आवाजाने. सतरंजी सरकवल्याचा आवाज, कपबशा, कुणीतरी कुणाला पुढे या म्हणत होतं. मग बाईंचा आवाज आला, बोलण्यातला. गाण्यातला आवाज सीतारामना पाठ होता, बोलण्यातला ते पहिल्यांदा ऐकत होते.

"साखळकर, मागच्या बैठकीची टेप तुम्ही पाठवलीत, ती ऐकली हो मी. माझा तंबोरा इतका खरा कुणी धरलेला नाही. हे यंत्र कुणी लावून दिलं?"

"आमच्या कंपनीत एक मेकॅनिक आहे, गांगुर्डे म्हणून." साखळकरांचा तरुण, खणखणीत आवाज. "तुमच्या गाण्याचा वेडा आहे अगदी."

"मग आहे कुठे तो? बोलवा पुढे. असा कान समोर बसलेला असला की गायला बरं वाटतं."

 फक्त टेपची सळसळ.

"आज ड्युटीवर आहे हो तो."

"रविवारी?"

"रविवारीसुद्धा."

"पुढच्या खेपेला आणा मग. विसरायचं नाही, मी विचारीन हं." आणि तंबोरा सुरू झाला.

ऋजुता खाली बघत होती. साखळकरांना यातलं एक अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. टेपचे फिरणारे दोन डोळे तेवढे त्यांना दिसत होते, आणि त्यांचा चेहरा खुलला होता. "लागलं का रे? वा! आवाज कसा येतोय?"

सीताराम उठले. खुर्चीशेजारी वाकले, यंत्र लावलेल्या कानापाशी तोंड नेलं.

"गुरुदत्त," ते म्हणाले, "बाई विचारतायत, गांगुर्डेला का नाही आणलंस?"

साखळकरांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी विरलं. ओठ हलले. मग ते म्हणाले, "नीट ऐकू आलं नाही रे."

ऐकू आलं होतं. सीताराम इतक्या जवळ होते की त्यांना ते डोळ्यांत दिसलं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी इतक्या मोठ्याने विचारला की समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं.